डोळे काढलेले कांदे

शाळेने मला चौथीतच हात जोडले, त्यामुळे राजकारण मला भाषणांतून कळतं तेवढंच. सदर बाजारात माझी कांदाभज्यांची गाडी. निवडणूक तोंडावर होती. एक दिवस मोबाइलवर बातमी आली, सरकारने कांदा बाहेरच्या देशांत पाठवायला बंदी केली, आता आपला कांदा आपल्याच ताटात. भाव असा पडला की मी नाचलो आणि लेंग्याची नाडी तुटली. एका हाताने लेंगा धरून दुसऱ्याने बाजारभर फुकट भजी वाटली.

शेजारी मोमो विकतो तो दाजू. नेपाळचा, तिकडे मोठ्या भावाला दाजू म्हणतात. त्याने भजं घेतलं नाही.

"भैया, अगले हफ्ते बिटिया की शादी है. हमारे गाँव में प्याज इधर से ही जाता है, अब मिल ही नहीं रहा. बिना प्याज का मटन परोसूँगा, समधी क्या बोलेंगे?"

इकडे टाळी मी वाजवली आणि कानफटात बसली दाजूच्या.

घरी बायको म्हणाली, "नाचायच्या आधी विचारायचं होतं, कुणाचा कांदा बंद झाला ते."

"पोतंभर देतो की त्याला."

"सीमेवर काढून घेतलं म्हणजे?"

तेव्हा मला रुखवत सुचलं. नवरीबरोबरच्या शोभेच्या वस्तू कोण अडवतंय? बायकोने कपाळावर हात मारला, पण कांद्यांना मुंडावळ्या तिनेच बांधल्या. मी स्केचपेन घेऊन प्रत्येक कांद्याला डोळे काढले, मिश्या काढल्या, कुंकू लावलं. नवरा, नवरी, सगळं वऱ्हाड, एक रुसलेला व्याही. दोन टोपल्या गच्च भरल्या.

लग्न उरकून दाजू परतला.

"सीमेवर काय झालं?"

"जवान हँस-हँस के दोहरे हो गए. एक ने तो दूल्हे को सैल्यूट मारा. बोला, ले जाओ."

मी लगेच अर्ध्या बाजाराला सांगून आलो की सरकारला गंडवलं. मग विचारलं, "और मटन?"

दाजू खाली बघायला लागला. "फीका. काटता कौन, भैया? आपने आँखें जो बना दी थीं. बिटिया बोली, ये तो मेरे बाराती हैं, सब मुझे ही देख रहे हैं."

"आणि व्याही?"

"वो उस रूठे वाले के साथ फोटो खिंचवाते रहे. मटन की बात ही भूल गए."

मी कढईकडे वळलो. पहिला घाणा काढून दाजूपुढे धरला. त्याने एक भजं उचललं, उलटंपालटं करून बघितलं.

"इसमें तो आँखें नहीं बनाईं ना?"

आणि खाल्लं.