कंदील, बैल, विहीर, पायरी, लिंबू

८ डिसेंबर. सकाळी धुई, दहानंतर कडक ऊन.

फॉर्मच्या चौकटीत जे मावत नाही, ते मी या वहीत लिहितो. सहा महिन्यांचे फॉर्म एका फाइलीत बसले. वही मात्र दुसरी घ्यावी लागली.

काम तसं साधं. मुरुडच्या एका गल्लीतल्या साठीपुढच्या माणसांनी रोज दोन कप ग्रीन टी प्यायचा. महिन्यातून एकदा मी जाऊन मनावरच्या ताणाचे प्रश्न विचारायचे, पाच शब्द वाचून दाखवायचे आणि दहा मिनिटांनी तेच परत विचारायचे. वाढत्या वयात मेंदूला या चहाचा उपयोग होतो का, हे नांदेडच्या डॉक्टर मॅडमना पाहायचं होतं. तीनपेक्षा कमी शब्द आठवले, तर तपासणीसाठी नांदेडला पाठवायचं.

*

पहिल्याच महिन्यात गल्लीतल्या किसनमामांकडे ग्रीन टी दुधात उकळताना दिसला. आलं, साखर, सगळं घातलेलं. नुसत्या पाण्यात घ्यायचा, असं मी म्हणालो.

“हाव, पन पाव्हण्याला तसा कसा द्यावा?”

पाहुणा म्हणजे मीच. तो कप मी संपवला आणि फॉर्मात लिहिलं, ‘सूचनेप्रमाणे’.

*

मनावर ओझं कधी वाटतं, या प्रश्नावर मामांचं उत्तर ठरलेलं. “तुमी येनार असले की आदल्या दिशी. परीक्षा ऱ्हाती ना.”

*

तिसऱ्या महिन्यात माझी पिशवी औशाच्या बसमध्ये राहिली. दर महिन्याच्या वेगवेगळ्या शब्दांच्या याद्या तिच्यात होत्या. ‘कागद जपा’ असं सगळ्यांना बजावत फिरणारा माणूस मी. मॅडमना फोन करायचा धीर झाला नाही. पहिली यादी पाठ होती. पुढे दर महिन्याला तीच वाचली.

*

मग गल्लीत शिरलो की ओट्यावरून मामा ओरडायचे, “कंदील, बैल, विहीर, पायरी, लिंबू! लिहा सर, पाच!”

सगळ्यांचे गुण वाढले. चहाचा परिणाम दिसतोय, असं मॅडम फोनवर आनंदानं म्हणाल्या. मी म्हणालो, “हो मॅडम.”

*

गेल्या आठवड्यात गयाबाई आजींच्या सुनेनं, सुनीतानं, मला दाराशीच थांबवलं. “सर, आत्याबाई गॅस पेटवून इसरून जातेत. परवा मलाच इचारलं, तू कोनाची गं? त्यायचं नाव नांदेडला धाडा की.”

मी फाइल उघडली. आजी, पाचपैकी पाच.

“कागदात तर लई चांगलं हाय,” ती म्हणाली, आणि मला बसायला खुर्ची दिली.

मी बसलो नाही. स्टँडवरून मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी फॉर्मांच्या तारखा विचारल्या. मग म्हणाल्या, “तिसऱ्या महिन्यापासूनचे फॉर्म बाद. मी स्वतः येते.”

*

आज मॅडम नवी यादी घेऊन आल्या. आजींना नवे पाच शब्द दोनदा वाचून दाखवले. दहा मिनिटं थांबलो. सुनीता दाराला टेकून उभी होती.

आजींनी पदर सावरला, माझ्याकडे बघितलं आणि न अडखळता म्हणाल्या, “कंदील, बैल, विहीर, पायरी, लिंबू.”

नवी यादी: पाचपैकी शून्य. नांदेडची तपासणी: मंगळवार, सकाळी साडेदहा.