नोंदवहीत चारशे बारा, यंत्रात चारशे अकरा

प्रश्न असा होता : एका मतदान केंद्रावरचे एक मत नाहीसे झाले, तर ते कोणाच्या लक्षात येते का? याचे उत्तर मला एका तरुण सहकाऱ्याला द्यायचे होते आणि तेही सायंकाळी सहाच्या आत. सहाला मतदान संपणार होते. त्याने अजून मत दिले नव्हते. गंमत अशी, की तो सकाळपासून मतदान यंत्राला खेटूनच बसला होता.

दुपारचे तीन वाजत आले होते. केंद्र कल्याण पूर्वेतल्या एका शाळेच्या तळमजल्यावर होते. लोकसभेची निवडणूक, मे महिन्याचे ऊन, रांगेत एकही माणूस नाही. मी केंद्राध्यक्ष होते. एरवी मी हायस्कूलमध्ये गणित शिकवत असे. निवृत्तीला वर्ष उरले होते. माझ्याबरोबर तीन मतदान अधिकारी होते. पहिले यादीत मतदाराचे नाव शोधून मोठ्याने वाचत. दुसऱ्या अधिकारी, बँकेतल्या शिंदेताई, बोटाला शाई लावत, नोंदवहीत सही घेत आणि मतदाराला क्रमांकाची चिठ्ठी देत. तिसरा सुमेध. वय चोवीस, एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक, राहणार विठ्ठलवाडी. तो चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरचे ‘बॅलट’ बटण दाबायचा. ते दाबल्यावरच आडोशामागचे यंत्र एका मतासाठी खुले होते.

सुमेधला मत द्यायचेच नव्हते.

ड्युटीवरच्या माणसाला स्वतःच्या केंद्रावर जाता येत नाही, म्हणून एक सोय असते. त्याचे नाव त्याच लोकसभा मतदारसंघात असेल, तर त्याला इलेक्शन ड्युटी सर्टिफिकेट मिळते. ते दाखवून तो ड्युटीच्या केंद्रावरच मत देऊ शकतो. प्रशिक्षणाच्या दिवशी मी सुमेधसमोर अर्ज ठेवला होता. माझी कटकट टळावी म्हणून त्याने सही केली. आदल्या दिवशी साहित्य घेताना त्याचे आणि माझे, अशी दोन्ही सर्टिफिकेटे मीच ताब्यात घेतली. माझे मी सकाळी वापरले. त्याचे माझ्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये तसेच पडून होते.

“सुमेध, आत्ता गर्दी नाही. देऊन टाक मत,” मी अकरा वाजता म्हटले होते.

“मॅडम, सकाळपासून दोनशे वेळा बटण दाबलंय. अजून एकदा कशाला?”

“ती दुसऱ्यांची मते होती.”

“आईचं सातलाच झालंय. ती लायनीत पहिली असते दरवेळी. घरातनं एक पुरे.”

शिंदेताई हसल्या. “अरे, आई विचारेल की नाही? बोट दाखव म्हणेल.”

“विचारते ना. दर इलेक्शनला. मी हात खिशात घालतो.” मग तो माझ्याकडे वळला. “मॅडम, तुम्ही मॅथ्सच्या ना? मग सांगा. या मतदारसंघात लाखो मतं. त्यात माझं एक. राउंड ऑफ केलं तर किती?”

 प्रामाणिकपणे सांगते, मला उत्तर सुचले नाही. तेहतीस वर्षे मीच मुलांना आसन्न किंमत, म्हणजे हेच राउंड ऑफ, शिकवली होती. त्याचे गणित चुकीचे नव्हते.

दर दोन तासांनी केंद्राध्यक्षाला किती मतदान झाले ते वर कळवावे लागते. तेव्हा मी दोन आकडे ताडून पाहत असे. एक, नोंदवहीतला शेवटचा क्रमांक, म्हणजे किती जणांनी सही केली. दुसरा, कंट्रोल युनिटवरचे ‘टोटल’ बटण दाबल्यावर दिसणारी संख्या, म्हणजे यंत्रात किती मते पडली. एक वाजता दोन्हीकडे तीनशे एक होते. तीन वाजता मी पुन्हा पाहिले.

नोंदवहीत चारशे बारा. यंत्रात चारशे अकरा.

मी बटण पुन्हा दाबले. चारशे अकरा.

“डबे उघडू नका,” मी म्हटले. जेवणाचे डबे नुकतेच बाकावर आले होते. सुमेधचा हात झाकणावर होता, तो तिथेच थांबला.

“काय झालं, मॅडम?”

“एक मत कमी आहे.”

त्याने यंत्राकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्याचा चेहरा उतरला. चिठ्ठ्या तोच घेत होता आणि बटणही तोच दाबत होता.

तेवढ्यात झोनल ऑफिसर आले. आठ-दहा केंद्रांवर लक्ष ठेवणारे हे साहेब; मोटारसायकलवरून फिरून ते घामाघूम झाले होते.

“आकडा द्या, मॅडम. पुढं जायचंय.”

“नोंदवहीप्रमाणे चारशे बारा, साहेब. यंत्रात एक कमी आहे.”

“एकच ना? संध्याकाळी हिशोब लागेल. तेव्हा बघा.”

“एकच आहे, म्हणून आत्ताच पाहायला हवे. संध्याकाळपर्यंत माणसे विसरतील.”

त्यांनी घड्याळ पाहिले, मग रिकामा व्हरांडा पाहिला. “बरं. शोधा. सापडलं की मला कळवा,” असे म्हणून ते पुढच्या केंद्राकडे निघून गेले.

मी कबूल करते, मला आनंद झाला होता. काळजी होतीच, पण तिच्याखाली एक जुना उत्साह उसळत होता. फळ्यावर उदाहरण लिहिले आहे, उत्तर जुळत नाही आणि तास संपायला अजून वेळ आहे, असा तो उत्साह. मी उभी राहिले.

पहिली शक्यता : नोंदवहीत एखादा क्रमांक निसटला असेल. एक वाजेपर्यंत सगळे जुळले होते. म्हणजे चूक तीनशे दोन ते चारशे बारा या एकशे अकरा नोंदींतच असणार. शिंदेताईंनी एकेका ओळीवर पट्टी ठेवून क्रमांक वाचले. एकही निसटला नव्हता, एकही दोनदा आला नव्हता.

दुसरी शक्यता : कोणी सही केली आणि चिठ्ठी न देताच निघून गेले. सुमेधने चिठ्ठ्यांचे पन्नास-पन्नासचे गठ्ठे रबर लावून ठेवले होते. हे काम त्याने फार नीट केले होते. आठ गठ्ठे आणि वर बारा सुट्या. चारशे बारा.

मग एकच शक्यता उरली. कोणीतरी सही केली, चिठ्ठी दिली, आडोशामागे गेले आणि मत न देताच बाहेर आले. असे झाले की कंट्रोल युनिटवरचा लाल दिवा जळतच राहतो. पुन्हा दाबलेले ‘बॅलट’ वाया जाते आणि पुढचा मतदार त्याच खुल्या मतावर मत देतो. यंत्र तक्रार करत नाही. फक्त एक संख्या कमी राहते.

“पण कोण ते कसं कळणार?” सुमेध म्हणाला. “आत तर कोणी बघत नाही. बघायचं पण नसतं.”

“म्याडम, मना इचारा की.”

आवाज समोरच्या बाकावरून आला. तिथे उमेदवारांचे प्रतिनिधी, म्हणजे पोलिंग एजंट बसतात. हे बाळाराम काका होते. शेजारच्याच गावठाणातले, सत्तरीचे, पांढरी टोपी घातलेले. सकाळपासून ते बाजूच्या चव्हाणताईंशी, म्हणजे विरोधी उमेदवाराच्या एजंटशी, पंख्याच्या दिशेवरून भांडत होते.

“तुम्ही काय सांगणार, काका?” चव्हाणताई म्हणाल्या. “तुम्हाला तर डुलकी लागलेली.”

“डोला लागला आसंल, कान नाय लागला.” काकांनी आपली मतदार यादी माझ्यापुढे धरली. “ह्ये बगा. नाव पुकारला का एक रेघ. मशिनचा आवाज झाला का दुसरी. फुली झाली तं मत पावला.”

मी यादी पाहिली. नावांपुढे निळ्या पेनाच्या स्वच्छ फुल्या होत्या.

“ही पद्धत कुठे शिकलात?”

“मिठागरावं. बापासंगं जायचो खाडीला. टोपली उचलली का एक रेघ, ढिगावं रिती केली का दुसरी. वाटंत सांडली तं फुली व्हत नाय. मंग मुकादम इचारतो, मीठ गेला कुठं?”

मत नोंदले की यंत्रातून लांब ‘बीप’ येतो. आम्ही चौघेही तो दिवसभर ऐकत होतो. इतका ऐकला होता, की ऐकेनासा झाला होता. काका मात्र प्रत्येक बीपची रेघ ओढत होते.

“पाने उलटा, काका,” मी म्हटले. माझा आवाज थोडा चढला असावा, कारण दारातला पोलीस शिपाई आत डोकावला.

आम्ही सगळे वाकलो. चव्हाणताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि काकांच्या खांद्यावरून पाहू लागल्या. पंख्याचे भांडण कोणाच्या लक्षात राहिले नाही. फुली, फुली, कोरे, फुली. चव्हाणताईंचेच बोट थांबले.

“हे बघा! एकच रेघ!”

नावापुढे वय होते एकोणीस. मी शिंदेताईंना नाव वाचून दाखवले. नोंदवहीत क्रमांक तीनशे अठ्ठेचाळीस, सही ठसठशीत.

“निळ्या टी-शर्टवाला,” सुमेध हळूच म्हणाला. “आठवला, मॅडम. आत गेला आणि लगेच बाहेर. मी बोललो, भाई, एकदम फास्ट! तो हसला. ‘झालं’ म्हणाला आणि गेला.”

“मंग आना त्याला परत,” काका म्हणाले.

“आता नाही येणार, काका. सही झाली आहे, केंद्र सोडले आहे. नियमाप्रमाणे त्याची संधी संपली.”

“म्हणजे त्याचं मत गेलं?” सुमेधने विचारले. “कायमचं?”

“या निवडणुकीपुरते गेले.”

“त्याने मुद्दाम केलं की त्याला कळलंच नाही?”

“ठाऊक नाही. ते लिहायला नोंदवहीत रकाना नाही.”

मी तीनशे अठ्ठेचाळीसपुढे शेरा लिहिला : मत न नोंदवता गेले. खाली सही केली. दिवसअखेर केंद्राध्यक्ष मतांचा जो तक्ता भरतो, त्याला नमुना सतरा-सी म्हणतात. सही करून मत न देणाऱ्यांसाठी त्यात स्वतंत्र ओळ आहे. तिथे त्या दिवशी ‘एक’ लिहायचे होते. चारशे बारा वजा एक, चारशे अकरा. जुळले! मला टाळी वाजवावीशी वाटली. केंद्राध्यक्षाला ते शोभत नाही, म्हणून मी पेनाचे टोपण लावले.

डबे उघडले तेव्हा चार वाजायला आले होते. भेंडीची भाजी आंबण्याच्या बेतात होती. सुमेध एका हाताने खात होता आणि दुसऱ्या हाताने चिठ्ठ्यांचे गठ्ठे पुन्हा मोजत होता. मी सर्टिफिकेटचा विषय काढला नाही. उत्तर मुलाच्या ओठांवर आले असेल, तर शिक्षकाने खडू खाली ठेवावा, हे मला नोकरीच्या बऱ्याच उशिरा समजले होते.

साडेचारनंतर ऊन उतरले आणि गर्दी वाढली. आता प्रत्येक बीपनंतर सुमेधची नजर लाल दिव्यावर जात होती. “बीप ऐकल्याशिवाय बाहेर येऊ नका,” तो प्रत्येकाला सांगू लागला. एक आजोबा वैतागले. “अरे, मी तुझ्या बापाच्या आधीपासून मतं देतोय!” “मग अजून एक नीट द्या, आजोबा,” तो म्हणाला.

पाच वाजले. सव्वापाच. मी माझ्या फाइलकडे मुद्दाम पाहत नव्हते.  पाच पस्तीसला रांग ओसरली.

“मॅडम,” तो यंत्रावरून नजर न काढता म्हणाला, “ते सर्टिफिकेट आहे का अजून?”

“आहे.”

“राउंड ऑफ करता आलं असतं ना, तर आपण तीनलाच जेवलो असतो.”

मला अकरा वाजता जे उत्तर सुचले नव्हते, ते त्याने स्वतःच शोधले होते. आणि माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

मी सर्टिफिकेट काढले आणि एजंटांना दाखवले. पहिल्या अधिकाऱ्यांनी यादीच्या शेवटी त्याचे नाव हाताने लिहिले. शिंदेताईंनी शाई लावताना त्याचे बोट घट्ट धरले. “आता खिशात हात घालू नको हं.” तो लाजला. त्याने सही केली, चिठ्ठी घेतली आणि स्वतःच्याच खुर्चीसमोर मतदार म्हणून उभा राहिला. खुर्चीवर आता मी होते. मी चिठ्ठी घेतली आणि ‘बॅलट’ दाबले. लाल दिवा लागला.

“नाव काय रं तुजा?” काका यादीच्या तळाशी लिहीत म्हणाले.

“सुमेध.”

काकांनी नावापुढे एक रेघ ओढली आणि पेन वर धरले.

तो आडोशामागे गेला. दिवसभर शेकडो जणांना ‘सोपं आहे, एक बटण’ असे सांगणारा मुलगा आत बराच वेळ उभा राहिला.  चव्हाणताई काकांच्या पेनाकडे पाहत होत्या. मी लाल दिव्याकडे.

बीप.

काकांनी दुसरी रेघ ओढली. “पावला,” ते म्हणाले.

त्या दिवसाचा शेवट असा झाला. नोंदवहीत पाचशे सत्त्याण्णव, सही करून मत न देणारा एक, यंत्रात पाचशे शहाण्णव. यंत्राला सील लावून आम्ही ते जमा केले. झोनल साहेबांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, “तुमचं एक मत सापडलं वाटतं.” मी म्हटले, “दोन, साहेब.” त्यांना ते समजले नाही, त्यांना घाई होती.

या अनुभवाचा धडा फार मोठा नाही. लाखांच्या बेरजेत एक मत दिसत नाही, हे खरेच आहे. पण ती बेरीज केंद्राकेंद्रावर होते आणि तिथे ‘सुमारे’ हा शब्द लिहायला जागा नसते. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही चार कर्मचारी होतो, मते दोघांनीच दिली. पहिल्या अधिकाऱ्यांनी आणि शिंदेताईंनी अर्जच भरला नव्हता. सुमेधच्या मागे लागण्यात मी त्यांना विचारायचे विसरले. ती चूक माझी.

माझ्या सांगण्यावर विसंबून राहू नका. पुढच्या वेळी मत द्याल, तेव्हा बटण दाबल्यावर बीप होईपर्यंत आत थांबा, शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे काही सेकंद दिसणारी तुमच्या मताची छापील चिठ्ठी पाहा आणि तुमचे मत नोंदले गेले का, याची स्वतः खात्री करून घ्या.