बिनबांगड्याचं हुमण
ठेचलेल्या तिरफळांचा वास आला की मला मुळगावच्या घरातला तो सोमवार आठवतो. वडिलांचं पोट कित्येक महिने बिघडलेलं होतं. आतड्याला सूज आहे की ते नुसतंच नाजूक झालंय, हे कळेना, म्हणून डिचोलीच्या डॉक्टरांनी शौचाची तपासणी सांगितली. सूज असली की पांढऱ्या पेशी तिथे धावतात आणि त्यांच्यातलं एक प्रथिन शौचात वाढलेलं सापडतं, असं त्यांनी समजावलं. रिपोर्ट येईपर्यंत आईने घरात मासळीच बंद केली. वडील मुकाट्याने पेज जेवत आणि दारात मासेवालीची हाक आली की टीव्हीचा आवाज वाढवत. त्या सोमवारी सकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. "प्रथिन अगदी कमी आहे, म्हणजे सूज नाही. बेताने सगळं खाऊ द्या," ते म्हणाले. वडील पिशवी घेऊन उठलेच. "खंय चल्लात?" आईने विचारलं. "बांगडे हाडूक." "आज सोमार!" आमच्या घरात सोमवारी मासळी शिजत नसे. वडील मटकन खाली बसले. त्यांचं तोंड बघून आईला हसू आवरेना. तिने खोबरं वाटलं, तिरफळं ठेचली आणि एरवी माशाचं कालवण असतं ते हुमण बांगड्याशिवायच केलं. वडिलांनी पावाने ताट पुसून काढलं. "बांगड्याबिगर कसां लागलां?" तिने विचारलं. "बांगडो उद्यां येतलो," ते म्हणाले, "आज ताका वाट करून ठेवलीय." आता माझ्याही घरात सोमवारी तेच हुमण होतं, आणि मंगळवारी सकाळी वडिलांचा फोन येतो: "बांगडे हाडलेस?"