बाळखुर्चीतले बाप्पा

आमच्या गणपतीचं विसर्जन यंदा प्रतिष्ठापनेआधीच होणार होतं, आणि त्याला सर्वस्वी मीच जबाबदार होतो.

आयरिश उन्हाळाभर ल्यूकनच्या घरून सँट्रीच्या ऑफिसला सायकलने गेल्यामुळे चाकांपेक्षा जास्त हवा माझ्या डोक्यात भरली होती. मूर्ती ऑफिसजवळच, मूर्ती विकणाऱ्या कुलकर्ण्यांच्या गॅरेजमधून आणायची होती. बायको म्हणाली, "मी गाडी घेऊन येते. आभाळ बघ जरा! मूर्ती शाडूची आहे, अरे."

"सायकल आहे की!" मी म्हणालो. (हे वाक्य आठवलं की अजून कान गरम होतात.)

मुलगी रेवाची जुनी बाळखुर्ची सायकलच्या मागे तशीच होती, काढायचा आळस. तिच्यात बाप्पांना बसवलं, तोंडावर रुमाल टाकला, पट्टे आवळले.

"यांना हेल्मेट नको?" कुलकर्णी म्हणाले. मी खो खो हसलो. कालव्यापाशी पोचलो आणि पाऊस सुरू झाला. हसू तिथंच विरलं.

शाडू म्हणजे कच्ची माती! पाण्यात विरघळावी म्हणूनच घडवलेली! मी रेनकोट काढून बाप्पांना गुंडाळला आणि नुसत्या शर्टावर निघालो. रस्ताभर गळलेल्या पानांचा ओला थर. जोरात जावं तर मी घसरणार, हळू जावं तर देव विरघळणार! "दम धरा हं, आलंच घर!" मी मागे वळून सारखा ओरडत होतो.

सिग्नलला एका आयरिश आजींनी हँडलच धरलं. "अरे, त्या लेकराला श्वास घेता येतोय का?"

"आजी, सोडा, घाई आहे!"

"बाप आहेस की कोण?" म्हणत त्यांनी रेनकोट उचलला. रुमाल सरकवला. सोंड पाहिली. मग माझं पोट पाहिलं.

"ग्रँड आहे, अगदी मजेत," त्या म्हणाल्या. "अगदी तुझ्यावर गेलाय."

त्यांनी मायेनं रेनकोट पुन्हा खोचला, पण फक्त वरून! घराच्या वळणावर मागे पाहिलं, तर खुर्चीखालून करडं पाणी ठिबकत होतं.

दारात बायको तांब्या घेऊन उभी. मूर्ती आणणाऱ्याच्या पायांवर पाणी घालायची आमच्याकडे रीत. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. "राहू दे. झालंय."

घाईघाईनं रेनकोट काढला. सोंड शाबूत! कान शाबूत! मोदकसुद्धा! मी रडायच्या बेतात होतो, तेवढ्यात रेवा तिच्या अस्सल आयरिश इंग्रजीत म्हणाली, "बाबा, व्हेअर्स द माऊस?"

बाप्पांच्या पायाशी नुसता चिखलाचा गोळा होता.

पुढे दर्शनाला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "अगं, उंदीर कुठाय?"

बायको आरतीचं तबक पुढं करत शांतपणे सांगायची, "बाप्पांना घेऊन आला तो ना? ऑफिसला गेलाय. बसने."