आजोबांसाठी आलेली लाकडं

आमच्या गावात कुणी गेलं, की घरटी एक लाकूड मयताच्या दारात यायचं. आजोबा सुतार. कुणाकडेही मयत झालं, की हातातला रंधा ठेवून ते आधी तिरडी बांधायला जायचे. शिंदखेड्याकडच्या त्या गावात कॅथलिक घर आमचं एकच, पण ते त्यांनी कधी आड येऊ दिलं नाही.

ते गेले त्या सकाळी लोक न बोलावता लाकडं घेऊन आले. अंगणात ढीग झाला. आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, हे त्यांना सांगायचं कुणी? वडील म्हणाले, "तू शिकेल शेस, तूच सांग." घराण्यातला पहिला बी.ए. मी. सांगितलं.

शेजारचे नाना आजोबांचे जिवलग; त्यांना आबा म्हणायचे. खांद्यावरचं लाकूड तसंच धरून उभे राहिले. "आबानी बठ्ठा गावले खांदा दिधा. आते त्याले आमनं लाकूड चालत नही?"

ते ऐकून आजीच बाहेर आली. "नाना, लाकूड ठेवा. तिरडी तुम्हीच बांधा, खांदाही तुम्हीच द्या. फक्त त्यासले जाळू नका."

नानांनी तिरडी बांधली, पण आमच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मातीला सगळं गाव आलं.

मयताचं लाकूड कुणी परत घरी नेत नाही. ढीग अंगणातच राहिला. चुलीत घालायला आजीचा हात धजेना. रोज आमच्या अंगणातून विहिरीवर जाणारे नाना त्या दिवसापासून लांबच्या वाटेनं जाऊ लागले.