चुकून आलेला कोड

चाळीत एक रीत होती. दुसऱ्याचे पत्र चुकून आपल्या दारात पडले, तर हातातले काम टाकून ते ज्याचे त्याला नेऊन द्यायचे. वरळीची बीडीडी चाळ सोडून आम्ही टॉवरमध्ये आलो आणि दारे बंद राहू लागली. समोरच्या काकींनी ती रीत मात्र सोबत आणली.

काकी एकट्या राहत. चाळीची लांब गॅलरी इथे नव्हती; तिची जागा मोबाईलवरच्या ग्रुपने घेतली होती, आणि तिथला सकाळचा पहिला 'जय भीम' काकींचा असे. ग्रुपचा ॲडमिन मी. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये वडीलधाऱ्यांना मोबाईल जपून कसा वापरावा, हेही मीच शिकवीत असे.

एके दुपारी खालच्या मजल्यावरच्या ओळखीच्या नंबरावरून काकींना मेसेज आला: 'जय भीम काकी, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्याकडे गेलाय. पाठवता का?' तो नंबर आधीच चोराच्या हाती गेला होता, आणि कोड म्हणजे काकींच्याच खात्याची किल्ली होती. काकींनी तो लगेच पाठवला. थोड्याच वेळात त्यांच्या नावाने साऱ्या ग्रुपकडे दवाखान्यासाठी पैसे मागितले गेले. काहींनी ते पाठवलेही.

मी त्यांना ग्रुपमधून काढले. ते योग्यच होते. त्यांचा नंबर परत मिळाल्यावरही मी त्यांना आत घेतले नाही. उलट रविवारी भर वर्गात उभे केले.

"ओटीपी कुणाला द्यायचा नाही, हे किती वेळा सांगितलं, काकी?"

"सांगितलंस ना. पण तो माझा नव्हता रे. त्याचा होता, चुकून आला होता."

हॉल हसला. "काकी, माझी पेन्शन चुकून आली तर तीपण द्या हं," मागून कुणीतरी म्हणाले. मीही हसलो. मग अगदी हळू आवाजात म्हणालो, "काही जणांनी फोन न वापरलेलाच बरा." माझे बोलणे मवाळ असते, त्यातला विखार ऐकणाऱ्याला उशिरा कळतो. काकींना तो तिथेच कळला.

जाताना त्यांनी विचारले, "मला परत कधी घेशील?"

"सगळं पाठ झालं की."

त्यांनी पाठ केले. आपल्या फोनवर आलेला कोड आपलाच, तो पोटच्या पोरालाही द्यायचा नाही. न मागता आलेली लिंक उघडायची नाही, पाठवणारा ओळखीचा असला तरी.

पुढे माझे मन मला खाऊ लागले, तेव्हा मी त्यांना ग्रुपची लिंक पाठवली. त्या आल्या नाहीत. मी दार वाजवले. साखळीपुरते ते उघडले.

"काकी, लिंक मीच पाठवलीय."

"तूच असशील. पण ओळखीच्याची असली तरी उघडायची नाही, हे तूच शिकवलंस ना?"

"अहो, ग्रुपवर सगळे तुमची वाट बघतायत."

ते खोटे होते. कुणी विचारलेही नव्हते.

"हां," काकी म्हणाल्या, "ते लोकपण असंच गोड बोलतात." आणि त्यांनी दार लावून घेतले.