नानांनी विचारलेला मदरबोर्ड

माझे सासरे लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले, ते मदरबोर्डबद्दल.

त्याआधी कित्येक वर्षं एक शब्द नाही.

आज नानांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून तोच रविवार आठवतोय, म्हणून लिहितोय.

माझी बायको प्रणाली तळवलीची, आगरी. मी बौद्ध, आईवडील मराठवाड्यातून आलेले; आई आमच्याजवळच राहते. आम्ही रजिस्टर मॅरेज केलं. नाना आले नाहीत. भांडलेही नाहीत. फक्त घरात माझं नाव घेणं बंद.

सासूबाई दुपारी चोरून लेकीला फोन करायच्या. नानांची गाडी वाजली की फोन कट.

प्रणाली घरून लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. ऐन सीझनमध्ये तिचा कॉम्प्युटर गेला. मदरबोर्ड जळला होता, आणि जुन्या प्रोसेसरला चालेल असा बोर्ड कुठेच मिळेना. म्हणजे जवळजवळ अख्खं मशीन नव्याने जोडायचं.

मला कॉलेजपासून हा नाद. मित्रांचे पीसी मीच असेंबल करायचो. पण बायकोच्या पोटापाण्याचं मशीन म्हटल्यावर मलाही टेन्शन आलं. गिऱ्हाइकाला व्हिडिओ वेळेवर गेला नाही तर पुढचं काम हातचं जाणार.

त्या रविवारी सकाळी बेल वाजली. कामोठ्याच्या आमच्या दारात नाना. हातात हेल्मेट.

मी "आत या" म्हटलं. ते चपलाही न काढता दारातच उभे.

"पोरीचा काम बंद परलाय. मदरबोर्ड कंचा घेवाचा?"

हा शब्द त्यांनी सासूबाईंकडून दोनदा वदवून घेतला होता, हे मला फार नंतर कळलं.

"सगल्यात भारी घे. पैसे मी देतंय."

मी म्हटलं, "नाना, पैसे आम्ही देऊ. तुम्ही सोबत चला."

त्यांनी हातातलं हेल्मेट परत डोक्यावर चढवलं. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस परत येत नाही.

मग म्हणाले, "चल."

वाशीपर्यंत स्कूटरवर मी त्यांच्या मागे बसलो.

दुकानदाराने काउंटरवर तीन बोर्ड मांडले. एक अगदी स्वस्त. एक मधला. आणि एक लायटिंगवाला, झगमगता. नानांनी सरळ लायटिंगवाल्यावर बोट ठेवलं.

मी त्यांना समजावलं. स्वस्तातल्यात रॅमला दोनच जागा आहेत, आणि तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करताना तो तापेल. महागडा ज्यांना प्रोसेसर ताणून पळवायचाय त्यांच्यासाठी. आपल्याला त्याची गरज नाही. मधल्यात रॅमला चार जागा आहेत, थंड राहायची सोय आहे. वाचतील ते पैसे रॅममध्ये घालू, त्याने तिचं काम खरंच फास्ट होईल.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं.

"माजे पोरीला कमी नाय ना परनार?"

"नाही पडणार, नाना."

दुकानदार मध्येच बोलला, "काका, मुलीसाठी घेताय ना? मग वरचाच घ्या. नंतर पस्तावाल."

नाना त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "जावय बोलला ना एकदा. झाला मंग."

जावई!

मी बॉक्स उचलून त्यावरचं बारीक अक्षर वाचत बसलो. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर डायनिंग टेबलावर सगळं मांडलं. या वेळी नाना आत आले. खुर्ची ओढून बसले. मी सोबत आणलेला नवा प्रोसेसर बसवला, रॅम लावली, वायरी जोडल्या. प्रणाली वडिलांकडे बघत होती, टेबलाकडे तिचं लक्षच नव्हतं.

बटण दाबलं.

पंखे फिरले. स्क्रीन काळा.

रॅम काढून परत लावली. स्क्रीन काळाच. इतक्या वर्षांनी माणूस घरात आलाय, माझ्या शब्दावर विसंबलाय, आणि मी निवडलेला बोर्ड बंद.

आता ते म्हणणार, मी सांगत होतो भारी घे.

नाना उठले. माझ्या आईकडे वळले. नाना आत आल्यापासून ती किचनच्या दाराशी उभी होती, बाहेर यावं की नाही, या विचारात.

"ताई, जेवाला काय हाय? भूक लागली."

आमच्या घरात नानांनी तोवर पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

आईने ज्वारीची भाकरी वाढली. वांग्याची भाजी, ठेचा. नाना खाली मान घालून जेवत होते. ठेचा झोंबला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी परत मागून घेतला. प्रणाली आत जाऊन रडून आली.

मला म्हणाले, "तू पन जेव आदी. मंग बगू."

दुसऱ्या दिवशी मी बोर्ड परत वाशीला नेला. बिघाड काही नव्हता. आतलं सॉफ्टवेअर जुनं होतं, त्याला हा नवा प्रोसेसर माहीतच नव्हता. दुकानदाराने अपडेट करून दिलं. संध्याकाळी स्क्रीन लागला. प्रणालीने पहिला फोन नानांना केला. तेही त्यांच्याच नंबरवर, उघडपणे.

त्यानंतर तळवलीत टीव्ही, मोबाइल, सीसीटीव्ही, काहीही घ्यायचं असलं की मला फोन. "कंचा घेवाचा?" सणाला आम्ही तिकडे, नाहीतर ते इकडे. आईसाठी दर वेळी सुकी मच्छी.

नाना गेले ते अचानक. अख्खं गाव अंगणात जमलं होतं. मी मागे, गेटपाशी थांबलो होतो. अशा वेळी आपण कुणाला खटकायला नको.

तिरडी उचलायची वेळ झाली तसा मोठा मेव्हणा मान वळवून शोधायला लागला. मग सगळ्यांसमोर त्याने हाक मारली,

"भावजी, तिकरं काय उभं? इकरं या. खांदा द्या."

नाना, तुमचे उपकार आहेत.

माझा आणि आईचा तुम्हाला शेवटचा जय भीम.